लोखंडाची दुसरी खेळी

१९०४ सालच्या शरदात थॉमस अल्वा एडिसनने स्वतःचीच बॅटरी बाजारातून मागे घेतली. ही बॅटरी विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी होती. ती विक्रीला येऊन फार दिवस झाले नव्हते आणि मागणीही चांगली होती. पण सेलच्या डब्यांचे सांधे गळू लागले होते, आणि बऱ्याच सेलची वीज साठवण्याची ताकद काही महिन्यांतच ओसरत होती. एडिसनने उत्पादन थांबवलं, बिघडलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या आणि तो पुन्हा प्रयोगांना बसला. सुधारलेली बॅटरी यायला १९०९ साल उजाडलं.

त्या बॅटरीत एका टोकाला निकेल होतं आणि दुसऱ्या टोकाला लोखंड. आज चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या अनेक इलेक्ट्रिक मोटारींच्या पोटातही लोखंडाचीच बॅटरी असते. रसायन निराळं, बांधणी निराळी, धातू मात्र तोच. या दोन बॅटऱ्यांच्या मध्ये शंभर वर्षांहून मोठा काळ गेला, आणि त्यातला बराचसा काळ लोखंड बॅटरीच्या कामाचं नाही असंच धरून चालण्यात गेला. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची गोष्ट लिथियमच्या नावाने सांगायचा प्रघात आहे. पण ही गाडी चैनीची वस्तू न राहता सामान्य माणसाच्या आवाक्यात कशी आली, हे समजून घ्यायचं तर लोखंडाचा माग काढावा लागतो.

एडिसनला लोखंडाकडे वळायला लावलं ते शिशाने. फ्रान्समधल्या गास्तों प्लांतेने १८५९ साली शिसे आणि गंधकाम्लाची पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. १८८१ मध्ये कामिल फोरने शिशाच्या पट्ट्यांवर लेप द्यायची युक्ती काढली आणि ती कारखान्यात करता येण्याजोगी झाली. १८९७ साली लंडनच्या रस्त्यांवर बॅटरीवर चालणाऱ्या टॅक्सी धावत होत्या. १८९९ च्या एप्रिलमध्ये बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने पॅरिसजवळ तोफगोळ्याच्या आकाराची इलेक्ट्रिक गाडी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने पळवली. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी ती पहिली मोटार. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि अवघ्या ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. विजेच्या गाडीला ना हँडल मारावं लागे, ना तिचा आवाज होई, ना धूर.

अडचण होती ती वजनाची आणि आयुष्याची. शिसे जड. रस्त्याच्या दणक्यांनी पट्ट्यांवरचा लेप गळून तळाशी साचे, आम्ल आजूबाजूचं लाकूड-लोखंड खाऊन टाके, आणि बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की मरे. एडिसनने आम्लच नको असं ठरवलं आणि पोटॅशच्या अल्कधर्मी द्रावणात काम करणारी जोडी शोधायला घेतली. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनेर त्याच वाटेवर होता. निकेल-कॅडमियम आणि निकेल-लोखंड या दोन्ही जोड्या त्याने हाताळल्या होत्या, आणि पुढे पेटंटावरून दोघांचे वाद झाले. युंगनेर कॅडमियमकडे झुकला. एडिसनने मात्र लोखंड सोडलं नाही.

१९०९ च्या त्या सेलची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. पोलादी पत्र्याला बारीक भोकं पाडून त्याच्या पेन्सिलीएवढ्या नळ्या केलेल्या. प्रत्येक नळीत निकेल हायड्रॉक्साइडचा एक थर, त्यावर निकेल धातूच्या अतिशय पातळ पापुद्र्यांचा एक थर, पुन्हा हायड्रॉक्साइड, पुन्हा पापुद्रे, असे शेकडो थर ठासून भरलेले. निकेल हायड्रॉक्साइडातून वीज नीट वाहत नाही, म्हणून पापुद्र्यांची ही योजना. समोरच्या पट्टीत चपट्या पोलादी खिशांमध्ये लोखंडाची बारीक भुकटी. डबाही पोलादाचा, वितळवून जोडलेला. या पोटॅशच्या पाण्यात एडिसनने थोडं लिथियम हायड्रॉक्साइडही मिसळलं. त्याने सेलची ताकद आणि आयुष्य दोन्ही वाढतं असं त्याला दिसलं होतं, आणि त्याचं पेटंटही त्याने घेतलं. म्हणजे लोखंड आणि लिथियम एका बॅटरीत एकत्र आले ते शतकापूर्वीच, फक्त लिथियम तेव्हा चिमूटभर मिठासारखं होतं.

बॅटरी टिकते की नाही हे पाहायची एडिसनची पद्धत रांगडी होती. यंत्राने सेल थोडा उचलायचा, ठोकळ्यावर आपटायचा, परत उचलायचा, आणि हे लाखो वेळा. बॅटऱ्या लादलेली गाडी अडथळ्यावर मुद्दाम धडकवायची. या हालअपेष्टांतून पार पडलेला सेल पुढे खरोखरच दीर्घायुषी ठरला. डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीच्या एका गाडीने एडिसन बॅटरीवर एका चार्जमध्ये २११.३ मैल, म्हणजे ३४० किलोमीटर मजल मारली. रोजच्या वापरात इतकं अंतर कुणालाच मिळत नसे, पण आकडा आजही थबकायला लावतो. पेट्रोल मोटारीचा राजा हेन्री फोर्ड, त्याची पत्नी क्लारा हिची स्वतःची गाडीही डेट्रॉइट इलेक्ट्रिकच होती.

मग ही बॅटरी का हरली? महाग होती म्हणून. डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्ये शिशाऐवजी एडिसन बॅटरी हवी असेल तर ६०० डॉलर जादा मोजावे लागत. काही वर्षांतच फोर्डची अख्खी मॉडेल टी त्याहून कमी पैशात मिळू लागली. शिवाय थंडीत एडिसन सेल मंदावे, उभ्या उभ्या आपोआप उतरे, आणि चार्ज करताना हायड्रोजन वायू सोडत असल्याने पाणी वारंवार घालावं लागे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर बसवला आणि पेट्रोल गाडीचं हँडल मारायचं दुखणंही संपलं. त्या स्टार्टरला एका क्षणात पुष्कळ करंट लागतो. तो देण्यात शिसे-आम्ल बॅटरी पटाईत होती, लोखंडाची नव्हती. अशा रीतीने शिशाची बॅटरी पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली कायमची जाऊन बसली. लोखंडाची बॅटरी रेल्वेच्या सिग्नलांत, खाणीतल्या दिव्यांत आणि मालधक्क्यावरच्या गाड्यांत उरली. तिथे तिने दशकानुदशकं बिनतक्रार काम केलं. अमेरिकेतलं तिचं उत्पादन १९७५ साली बंद पडलं, बरोबर त्याच सुमाराला जेव्हा जग पुन्हा इलेक्ट्रिक गाडीचा विचार करू लागलं होतं.

१९७३ च्या तेलटंचाईने हा विचार सुरू झाला आणि गंमत म्हणजे पैसा घातला एका तेल कंपनीनेच. एक्सॉनच्या प्रयोगशाळेत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड आणि लिथियम धातूची बॅटरी केली. लिथियम हा सगळ्यांत हलका धातू आणि इलेक्ट्रॉन सोडून द्यायला सदैव तयार. पण धातुरूपातला लिथियम चार्जिंगच्या वेळी सुयांसारखा वाढतो, दोन टोकांमधला पडदा भेदतो आणि आग लागते. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्याकडे आलेले जपानी भौतिकशास्त्रज्ञ कोइची मिझुशिमा यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड पुढे आणला, त्याने विजेचा दाब चार व्होल्टवर गेला. असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातूऐवजी कार्बन वापरला. पुढच्या वर्षी त्यांनी या बॅटरीवर लोखंडाचा गोळा टाकून पाहिला. बॅटरी चेपली, पेटली नाही. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही गोष्ट अनेकदा सांगून झालेली आहे.

कॅमेऱ्याला आणि मोबाइलला कोबाल्ट परवडतो. तिथे बॅटरी मुठीएवढी असते. मोटारीला शेकडो किलोंची बॅटरी लागते, आणि जगातला बहुतेक कोबाल्ट एकट्या काँगोतून येतो. तिथल्या हातखाणींमध्ये लहान मुलंही राबताना आढळली आहेत. चार्ज झालेला कोबाल्ट ऑक्साइड फार तापला तर ऑक्सिजन सोडतो, आणि शेजारी पेट घेणारं द्रावण असतंच. कोट्यवधी मोटारी अशा धातूवर उभ्या करणं पैशाच्या, सुरक्षिततेच्या आणि माणुसकीच्याही दृष्टीने शहाणपणाचं नव्हतं. लोखंड मात्र कुठेही मिळतं.

पण लोखंडाकडून काम करून घेणं म्हणजे लोखंडाचे चणे खाणंच होतं. लिथियम बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन कॅथोडमधून निघून समोरच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, गाडी चालताना परत येतात. आयनांना बसायला जागा देणं आणि त्यांच्या येण्याजाण्याबरोबर इलेक्ट्रॉनांची देवघेव करणं हे कॅथोडचं काम. साध्या लोह ऑक्साइडमध्ये ही देवघेव इतक्या कमी दाबावर होते की बॅटरी करण्यात अर्थ उरत नाही. ही कोंडी फोडायला मदत केली तमिळनाडूतल्या अमरापुरम या लहानशा गावात जन्मलेल्या अरुमुगम मंथिराम यांनी. ते ऑक्सफर्डला गुडइनफ यांच्याकडे आले आणि १९८६ मध्ये त्यांच्याबरोबर टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला गेले. ऑक्सफर्डमध्ये निवृत्तीचं वय आडवं येत होतं म्हणून गुडइनफ यांनी साठी उलटल्यावर देश बदलला होता.

ऑस्टिनमध्ये या दोघांनी एकाच घडणीची लोखंडाची संयुगं शेजारी शेजारी ठेवून मोजली. एकात ऑक्सिजन मॉलिब्डेनमला किंवा टंगस्टनला बांधलेला, दुसऱ्यात गंधकाला. घडण तीच, लोखंड तेच, तरी पहिल्यांत दाब ३.० व्होल्ट आला आणि सल्फेटमध्ये ३.६. गंधक ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे घट्ट ओढून घेतो, त्यामुळे लोखंड आणि ऑक्सिजन यांचा बंध सैल पडतो आणि लोखंडाची इलेक्ट्रॉन स्वीकारायची ओढ वाढते. शेजारी कोण बसवला आहे यावर लोखंडाचा दाब ठरवता येतो, हे या प्रयोगाने दाखवलं. या पायाभूत कामाचा उल्लेख बॅटरीच्या लोकप्रिय इतिहासांत क्वचितच येतो. २०१९ च्या डिसेंबरात सत्त्याण्णव वर्षांच्या गुडइनफ यांचं नोबेल व्याख्यान स्टॉकहोममध्ये त्यांच्या वतीने मंथिराम यांनी दिलं, ते योग्यच झालं.

पुढचं पाऊल टाकलं अक्षय पाढी या तरुण संशोधकाने. गंधकाच्या जागी फॉस्फरस घेऊन वेगवेगळ्या धातूंची संयुगं तपासताना त्यांच्या हाती लिथियम लोह फॉस्फेट लागलं. १९९७ मध्ये पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दाब ३.४ व्होल्ट, स्वस्त, बिनविषारी.

हा पदार्थ निसर्गाला नवा नव्हता. बव्हेरियाचे खनिजतज्ज्ञ योहान नेपोमुक फॉन फुक्स यांनी १८३४ साली त्याचं वर्णन ट्रिफिलाइट या नावाने करून ठेवलं होतं. ग्रॅनाइटच्या खडबडीत शिरांमध्ये निळसर-राखाडी रंगाचं हे खनिज सापडतं. ऊनपावसात ते झिजतं तेव्हा त्यातलं लिथियम पाण्याबरोबर निघून जातं, लोखंड गंजाच्या वाटेने एक पायरी चढतं आणि मागे जांभळट रंगाचं दुसरं खनिज उरतं, हेटरोसाइट. खडकाचा सांगाडा मात्र जवळपास तसाच राहतो. बॅटरी चार्ज होताना कॅथोडमध्ये नेमकं हेच घडतं. लिथियम निघून गेलं तरी सांगाडा ढासळत नाही, म्हणून हजारो वेळा ये-जा होऊ शकते. आणि ऑक्सिजन फॉस्फरसने घट्ट धरून ठेवलेला असल्यामुळे तापल्यावर तो सहजी सुटत नाही. आगीला आतून खुराक मिळत नाही.

एवढे गुण असूनही निबंधात लेखकांनी सावध भाषा वापरली होती. या पदार्थातून वीज अगदी कष्टाने वाहते, आणि लिथियमला जायला एकाच दिशेचे अरुंद बोगदे आहेत. त्यामुळे हळूहळू काम करणाऱ्या उपकरणांना तो ठीक, असा त्यांचा अंदाज होता. मोटार म्हटली की चढावर दम लागतोच. हे दुखणं दोन उपायांनी बरं झालं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल आर्माँ आणि कॅनडाच्या हायड्रो-क्वेबेक या वीज कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक कणावर कार्बनचा अतिपातळ लेप चढवला, त्यामुळे विजेला बाहेरून वाट मिळाली. दुसरा उपाय म्हणजे कणच इतका बारीक करायचा की बोगद्याची लांबी नगण्य व्हावी. एमआयटीचे येट-मिंग चियांग यांनी २००२ मध्ये नायोबियमसारखा धातू अत्यल्प मिसळला की वीज कोट्यवधी पटींनी चांगली वाहते, असा दावा केला. खरं श्रेय त्या धातूचं, की भट्टीत आपसूक तयार झालेल्या कार्बनचं आणि फॉस्फाइडांचं, यावर तज्ज्ञांमध्ये बरंच वाजलं. निकाल काहीही असो, पावडर चालू लागली होती.

मग कोर्टकचेऱ्या आल्या. गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पाहुणा म्हणून आलेल्या एका जपानी संशोधकामार्फत हा शोध एनटीटी कंपनीकडे गेला आणि तिने जपानमध्ये आधीच पेटंटअर्ज केला, असा टेक्सास विद्यापीठाचा आरोप होता. ते प्रकरण २००८ मध्ये तडजोडीने मिटलं. चियांग यांच्या ए१२३ कंपनीशी दुसरा खटला चालू होता. ए१२३ ने ड्रिल मशीनच्या बॅटऱ्यांपासून सुरुवात करून मोटारींपर्यंत मजल मारली, २००९ मध्ये शेअर बाजारात पाऊल टाकलं, अमेरिकन सरकारने तिला सुमारे २५ कोटी डॉलरचं अनुदान दिलं. पण तिच्या बॅटऱ्या घेणाऱ्या मोटारी खपल्या नाहीत आणि सदोष सेल परत घ्यावे लागले. २०१२ च्या ऑक्टोबरात तिने दिवाळं काढलं. तिचा मोटार-बॅटरीचा धंदा वांशियांग या चिनी कंपनीने विकत घेतला.

लोखंडाचं नशीब चीनमध्ये उघडलं, त्याला काही अंशी पेटंटाची कुंपणं तिथे कच्ची पडली हेही कारण आहे, पण मुख्य कारण तिथल्या कारखान्यांची चिकाटी. वांग छुआनफू यांनी १९९५ मध्ये शेनझेनला बीवायडी कंपनी काढली ती मोबाइलच्या बॅटऱ्यांसाठी. लहानपणीच आईवडील गेलेला हा माणूस धातुरसायनाचा अभ्यासक होता. जपानी कंपन्यांची स्वयंचलित यंत्रं घ्यायला पैसा नव्हता, तेव्हा त्यांनी एकेक क्रिया सुटी केली आणि ती हाताने, साध्या साच्यांच्या मदतीने करून घेतली. २००३ मध्ये त्यांनी एक तोट्यातला मोटार कारखाना घेतला, तेव्हा गुंतवणूकदारांनी डोक्याला हात लावला. २००८ च्या डिसेंबरात त्यांची लोह-फॉस्फेट बॅटरीची प्लग-इन हायब्रिड गाडी बाजारात आली. मग शेनझेनच्या टॅक्सी, मग बस. २०१७ च्या अखेरीस शेनझेनच्या सगळ्या, म्हणजे १६,३५९ सार्वजनिक बस विजेवर चालू लागल्या होत्या. बसला जागेची टंचाई नसते, ती रोज ठरलेल्या वाटेने जाते आणि रात्री आगारात परततेच. तिला हवी असते टिकाऊ आणि न पेटणारी बॅटरी.

मोटारींमध्ये मात्र लोखंड दुसऱ्यांदा बाद व्हायच्या बेतात होतं. २०१७ च्या सुमारास चिनी सरकारने अनुदानाचा निकष बदलला. एका किलो बॅटरीत जितकी जास्त वीज मावेल तितकं अनुदान जास्त. या परीक्षेत निकेल, मँगेनीज आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणाचा कॅथोड सहज वर येतो, लोखंड मागे पडतं. बीवायडीनेसुद्धा आपल्या मोटारींत ते मिश्रण घालायला सुरुवात केली. बाहेरच्या देशांत तर लोखंडाला कुणी मोजतच नव्हतं, कारण कंपन्यांची चढाओढ होती ती एका चार्जमध्ये किती किलोमीटर यावर.

२०१९ पासून अनुदान झपाट्याने कमी झालं आणि किमतीचा हिशेब पुन्हा महत्त्वाचा ठरला. त्याच वर्षी निंगदेच्या सीएटीएल कंपनीने आणि पुढच्या वर्षी बीवायडीने रसायनाला हातही न लावता लोखंडाची मोठी उणीव भरून काढली. आधीची रीत अशी होती की सेल आधी मॉड्यूल नावाच्या पेट्यांत बसवायचे आणि त्या पेट्या मोठ्या खोक्यात. पेट्यांच्या भिंती, पट्ट्या, स्क्रू यांत बरीच जागा फुकट जाई. निकेलच्या सेलना ही तटबंदी जास्त गरजेची, कारण एक पेटला तर शेजारचे वाचवायचे असतात. लोखंडाचा सेल सहसा पेटत नाही, मग मधल्या पेट्या कशाला? त्या काढून टाकल्या. बीवायडीने सेलच जवळपास ९६ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद आणि १.३५ सेंटिमीटर जाड केला, म्हणजे खोक्याला मजबुती देणारी फळीही तोच. रोज ठेचून ठेचून रसायन सुधारणाऱ्यांना जे साधलं नव्हतं, ते मांडणी बदलून साधलं. रसायनशास्त्राइतकाच इंजिनिअरांचा फुटपट्टीशी असलेला संबंध या यशामागे आहे, आणि हे श्रेय त्यांना पुरतं मिळालेलं नाही.

२०२० च्या मार्चमध्ये बीवायडीने आपल्या चाचणीची चित्रफीत दाखवली. तीन तऱ्हेचे सेल, प्रत्येकावर अंडी फोडून ठेवलेली, आणि सेलच्या आरपार घुसणारा खिळा. निकेलचा सेल भडकला, त्याचं तापमान पाचशे अंशांच्या वर गेलं आणि अंडी उडून गेली. जुन्या ठोकळ्यासारख्या लोह-फॉस्फेट सेलमधून धूर निघाला. नव्या लांब सेलवरचं अंडं कच्चंच राहिलं, पृष्ठभाग ३० ते ६० अंशांवर थांबला. ही कंपनीची स्वतःची जाहिरात होती, तटस्थ परीक्षा नव्हे, आणि लोखंडाची बॅटरी कधीच पेटत नाही असा अर्थ कुणी त्यातून काढू नये. तरी ऑक्सिजन धरून ठेवणारा फॉस्फरस तिथे आपलं काम करताना दिसत होता.

टेस्लाने शांघायमध्ये तयार होणाऱ्या मॉडेल ३ च्या कमी पल्ल्याच्या गाड्यांत लोह-फॉस्फेट घेतलं, आणि २०२१ मध्ये जगभरच्या अशा गाड्यांसाठी तेच वापरायचं जाहीर केलं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये जगभरातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरी क्षमतेत लोह-फॉस्फेटचा वाटा जवळजवळ निम्मा झाला. २०१० मध्ये एक युनिट वीज साठवायला हजार डॉलरहून जास्त किमतीची बॅटरी लागे. २०२४ मध्ये सरासरी किंमत ११५ डॉलरवर आली होती, आणि लोह-फॉस्फेटची त्याहून कमी. वापरणाऱ्याला एक खोड मात्र सांभाळावी लागते. या सेलचा दाब उतरताना जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे आत किती वीज उरली हे गाडीच्या संगणकाला नीट कळत नाही. म्हणून टेस्लासारख्या कंपन्या आठवड्यातून एकदा तरी शंभर टक्के चार्ज करा असं सांगतात. कडाक्याच्या थंडीत ही बॅटरी निकेलच्या बॅटरीपेक्षा जास्त मंदावते हेही खरं, पण मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हाळ्यात हा दोष कुणाला आठवणार?

भारतात २००१ मध्ये बंगळुरूच्या रेवा गाडीने सुरुवात केली होती ती शिशाच्या बॅटऱ्यांवर. २०२० च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही आली, रांजणगावला तयार होणारी, ३०.२ युनिटांच्या लोह-फॉस्फेट बॅटरीची. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने तिला ३१२ किलोमीटरचा पल्ला प्रमाणित केला. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यासह अनेक शहरांत इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, लोक धास्तावले आणि केंद्र सरकारने बॅटरी चाचण्यांचे नियम कडक केले. त्यानंतर लोह-फॉस्फेट हा शब्द शोरूममध्ये विक्रेत्यांच्या तोंडी ऐकू येऊ लागला. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रांच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ५९ आणि ७९ युनिटांच्या बॅटऱ्या आहेत, त्याही लोखंडाच्याच, आणि त्यांतले सेल बीवायडीच्या लांब पट्टीच्या घडणीचे.

इथेच मन खट्टू होतं. ज्या पदार्थाच्या शोधनिबंधावर दोन भारतीय नावं आहेत, ज्याची पायाभरणी करणारा तमिळनाडूच्या खेड्यातून आला, तो पदार्थ आपण आयात करतो. २०२१ मध्ये केंद्राने देशात सेल बनवण्यासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली, पण कॅथोडची पावडर करण्याची विद्या अजूनही मुख्यतः चीनच्या हातात आहे. २०२५ च्या जुलैत चीनने लोह-फॉस्फेट कॅथोड बनवण्याचं तंत्रज्ञान देशाबाहेर न्यायला सरकारी परवाना सक्तीचा केला. शोध उघड्यावर होता, पेटंटं २०२२ च्या आसपास संपली, तरी भट्टीचं तापमान, कणाचा आकार, कार्बनाचा लेप यांतली वर्षानुवर्षांची सवय कागदावर मिळत नाही.

स्वस्त असण्याची एक किंमत पुढे मोजायची आहे. गाडीची शिशाची बॅटरी संपली की गॅरेजवाला जुनी ठेवून घेतो आणि नवीचे पैसे कमी करतो, कारण शिशाला भंगारात भाव आहे. कोबाल्ट-निकेलच्या बॅटरीलाही घेणारा मिळतो. एक किलो लोह-फॉस्फेटात सुमारे ३५४ ग्रॅम लोखंड आणि ४४ ग्रॅम लिथियम असतं. लोखंडाला भंगारात काय भाव येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तेवढ्या लिथियमसाठी सगळं आम्लात विरघळवणं बऱ्याचदा परवडत नाही. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण मोटारींच्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्या मोठ्या संख्येने निकालात निघायला अजून काही वर्षं आहेत.

यावर एक वेगळा मार्ग शोधला जातोय. वापरून थकलेल्या लोह-फॉस्फेट सेलमध्ये कॅथोडचा सांगाडा बहुतांशी शाबूत असतो, फक्त त्यातलं काही लिथियम हरवलेलं असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये अशी थकलेली पावडर लिथियमचं मीठ आणि सायट्रिक आम्ल यांच्या गरम द्रावणात, पाण्याला उकळी फुटायच्या आतल्या तापमानात ठेवली. हरवलेलं लिथियम आपल्या जागी परत बसलं आणि थोडा वेळ भट्टीत भाजल्यावर पावडर पुन्हा नव्यासारखं काम करू लागली. प्रयोग काही ग्रॅमांचा होता. तोच टनांमध्ये करायचा, आणि तोही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वयाच्या, मिसळून आलेल्या पावडरींवर, हे काम सध्या अनेक देशांतल्या प्रयोगशाळांत आणि काही कारखान्यांत चालू आहे.